माळावर आम्ही चौघं

आमची मोठी तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही या माळावर राहायला आलो. नव्वदचं साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. माझं सासर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी होतं. धरणाचं पाणी वर्षावर्षाला चढत गावापर्यंत आलं आणि गाव उठलं. धाकटे दोघं दीर कामाला मुंबईला गेले. भावकीला जमिनी मिळाल्या त्या एकीकडं नाही. कुणाला या गावात, कुणाला त्या. आमच्या वाट्याला आंबेगाव तालुक्याच्या पार पूर्वेकडची, मंचरच्याही पुढची तीन एकर आली. घरासाठी गावठाणात एक तुकडा मिळाला होता, पण तिथं पाणी नव्हतं. मालक म्हणाले, "रानातच ऱ्हाऊ. जाऊन येऊन काम व्हायचं न्हाई."

मालक म्हणजे आमचे हे. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात.

टेम्पोत भांडी, कौलं, दोन पत्रे, एक गाय आणि भाताच्या बियाण्याचं एक गाठोडं होतं. ते गाठोडं मी का घेतलं ते मला अजून सांगता येत नाही. टेम्पोवाल्यानं आम्हाला उतरवलं, एकदा चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "पावणं, पाणी कुठून आणणार?" मालकांनी हातानं कुठंतरी लांब दाखवलं. टेम्पो वळून गेला. त्याची धूळ खाली बसायला फार वेळ लागला, कारण मध्ये अडवायला झाडच नव्हतं.

मी डोंगरात वाढलेली. माझं माहेर आहुप्याच्या बाजूला. तिथं मान वर केली की कडा दिसतो, खाली केली की भाताचं खाचर. इथं नजर जायची ती जातच राहायची. टेकायला काही नाही. पहिले कितीतरी दिवस मी घराला पाठ लावून बसायची, म्हणजे निदान एक बाजू बंद झाल्यासारखी वाटायची. वाराही वेगळा. आमच्याकडं वारा पावसाबरोबर यायचा, ओला. इथं तो दिवसभर कोरडाच वाहायचा आणि पत्रा वाजवायचा.

जमीन ज्यांच्याकडून सरकारनं घेतली ते घर दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर होतं. पाणी आणायला मला त्यांच्याच विहिरीवर जावं लागे. त्यांनी कधी अडवलं नाही, वाईट शब्द बोलले नाहीत. पण मी विहिरीवर गेले की त्या घरातल्या बायका आपापल्या कळशा उचलून गप घरात जायच्या. मी हसले तर त्या मान हलवायच्या. त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांच्या आजे-पणज्यांनी नांगरलेलं रान आता आम्ही नांगरत होतो. आमचं रान पाण्यानं घेतलं आणि त्यांचं आम्ही. मग रागवायचं कुणावर?

त्या घरातला म्हातारा मात्र दर अमावस्येला आमच्या बांधावर यायचा. बांधाच्या कोपऱ्यात त्यांचा म्हसोबा होता, शेंदूर लावलेला दगड. म्हातारा नारळ फोडायचा, हात जोडायचा आणि आमच्याकडं न बघता परत जायचा. मालकांनी पहिल्या वर्षीच नांगर त्या दगडापासून चार हात लांबून वळवला होता. तिसऱ्या का चौथ्या अमावस्येला मी तांब्याभर पाणी नेऊन बांधावर ठेवलं आणि मागं सरले. म्हातारा पाणी प्याला. तांब्या पालथा घातला. मग मालकांना म्हणाला, "त्या वरच्या कोपऱ्यात खोल नांगरू नका. खाली कातळ हाये. फाळ मोडंल."

त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेलं पहिलं वाक्य ते. मालक त्या दिवशी फार खूश होते. जेवताना दोनदा म्हणाले, "माणूस चांगला हाये."

शेती आम्हाला नव्यानं शिकावी लागली. आम्ही भाताची माणसं. आवणी करायची, चिखलात उभं राहायचं, डोक्यावर इरलं घेऊन चार महिने पावसात वाकायचं, एवढंच ठाऊक. इथं बाजरी, मटकी, हुलगा, आणि पाणी असलं तर कांदा. मालकांनी लांबून लोकांच्या पेरायच्या पाभरी बघितल्या, वस्तीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, एकदा पेरणी चुकवली, दुसऱ्यांदा साधली. मी ते भाताचं गाठोडं पहिल्याच पावसात सोडलं. मोरीच्या पाण्यावर एक वाफा केला, त्यात रोपं टाकली. हातभर वाढली आणि पिवळी पडली. मालकांनी ती पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या वाफ्यात त्यांनी वांगी लावली.

धाकटी इथंच जन्मली. तिच्यानंतर विहीर झाली, मग लाइट आली, मग घराला विटांच्या भिंती आल्या. खरं सांगायचं तर आमचं बरं चाललं होतं. मालकांना कसलं व्यसन नाही. कधी हात उगारला नाही. दोन मुलीच झाल्या म्हणून तोंड वाकडं केलं नाही. सकाळी ते गाईचं बघायचे, मी चूल. दोघी पोरी त्यांच्या पाठीवर बसून बांधावरनं फेरी मारायच्या. उन्हाळ्यात अंगणात चौघं ओळीनं झोपायचो आणि मालक पोरींना चांदण्या दाखवायचे. मोट हाकल्यासारखं काहीतरी गुणगुणायचे, नदीवरचं, गावाकडचं. मी ते ऐकायची आणि मनात म्हणायची, या माणसाला इथं करमलं. रुजलं याचं मूळ.

माझं रुजलं नाही. आणि ते सांगायची सोय नव्हती. नवरा पीत असता, पोटाला कमी असतं, तर रडायला कारण असतं. मला काहीच कमी नव्हतं. दुपारी पोरी शाळेत, मालक रानात, आणि मी घरात. गाईशी बोलायची. भाकरी थापताना स्वतःशीच बोलायची, मग लक्षात आलं की गप व्हायची. एकदा फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तर एका अनोळखी बाईला मी आमच्या गावाची सगळी हकिगत सांगत सुटले. गाडी आली तेव्हा ती बिचारी सुटल्यासारखी चढली.

पोरी मात्र इथल्याच झाल्या. मोठी शाळेतून आली की तिच्या बोलण्यात इथले शब्द असायचे. एक दिवस मी धाकटीला सांगत होते की आवणीच्या दिवसांत आम्ही अंधार पडायच्या आत कशा घरी यायचो. ती म्हणाली, "आये, आवणी म्हंजी काय?"

मी सांगितलं. चिखल, रोपांच्या मुठी, रांगेनं मागं मागं सरकणं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पाभरीनं का न्हाई पेरीत?"

मोठी हसली. मालकही हसले. मीही हसले. पण नंतर भांडी घासताना मला वाटलं, या घरात तिघं इथले आहेत आणि मी एकटी पाहुणी आहे.

अशी आठेक वर्षं गेली. मग आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एका बागाईतदारानं कोंबड्यांची शेड बांधली. लांबलचक, जाळीची, पत्र्याची. शेड सांभाळायला जुन्नरहून एक जोडपं आलं. मुसलमान होते. नवरा शांत, पाय थोडा ओढत चालणारा. बाई माझ्याच वयाची, भराभर बोलणारी. त्यांची मुलं शाळेसाठी जुन्नरला आजीकडं ठेवलेली.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती वाटी घेऊन दारात उभी राहिली.

"वैनी, विरजण हाय का जरा? दूध आणलं, पण विरजणच न्हाई."

मी विरजण दिलं. तिला बस म्हटलं. ती बसली, घर बघितलं, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "कसं ऱ्हाता वो तुमी इथं? मला तर काल सांजच्याला रडूच आलं. लई एकटं वाटतं."

मी हातातलं काम थांबवलं. ते वाक्य मला आठ वर्षं म्हणता आलं नव्हतं आणि ही बाई एका रात्रीत म्हणून मोकळी झाली.

मी तिला म्हटलं, "मलाबी वाटतं."

"आठ वर्सं झाली तरी?"

"व्हय."

"मंग माझं काय खरं न्हाई," ती म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसले. त्या हसण्यानंच आमची ओळख पक्की झाली. मी तिला भाभी म्हणायची, ती मला वैनी.

शेडचं काम दीड महिन्याच्या फेऱ्यांचं असे. पिवळी पिल्लं खोक्यांतून यायची, बल्बखाली ठेवायची, खाद्य, पाणी, औषध. मग एक दिवस ट्रक येऊन सगळा माल घेऊन जाई. पुढं पंधरा-वीस दिवस शेड धुवायची, चुना मारायचा, सुकू द्यायची. त्या रिकाम्या दिवसांत भाभी दुपारची माझ्याकडं असायची. तिच्या सासरचं जुन्नरच्या पेठेत गाद्या भरायचं दुकान. तिचा टाका इतका सरळ की दोरा ओढल्यासारखा. तिनं मला गोधडीला नवी टीप शिकवली. आल्या वर्षी मालकांनी दारात लावलेल्या लिंबाच्या सावलीत गोधडी पसरायची, ती त्या टोकाला, मी या टोकाला, आणि आम्ही शिवत शिवत मध्याकडं सरकायचो.

तिला मी सगळं गाव सांगितलं. कुठल्या घराला किती खण, कुणाच्या दारात फणस, नदीला उतार कुठून. ती न कंटाळता ऐकायची, मध्ये विचारायची, "तो फणस कापा का बरका?" मग ती तिची पेठ सांगायची. एकाला एक लागून घरं, एका घरात फोडणी घातली तर तीन घरांना ठसका. तीन जावा, सासू, दहा पोरं. तिथं तिला एकटं बसायला जागा मिळायची नाही म्हणून ती कुरकुरायची आणि इथं माणूस दिसत नाही म्हणून. "माझं कशातच समाधान न्हाई बगा," ती स्वतःच म्हणायची.

ईदला तिचा नवरा पाय ओढत डब्यातून शीरखुर्मा आणून द्यायचा. दिवाळीला माझ्या पोरी करंज्या घेऊन शेडवर पळायच्या आणि पिल्लं हातात घेऊन बसायच्या. मालक आणि भाभीचा नवरा फारसं बोलायचे नाहीत, पण दोघं बांधावर शेजारी बसून तंबाखू मळायचे. त्या तीन-साडेतीन वर्षांत मी माहेरी फक्त एकदा गेले. जावंसं वाटलं नाही.

मग कोंबड्यांच्या रोगाची बातमी आली. रोग दूर कुठंतरी होता, आमच्याकडं एकही पक्षी मेला नव्हता. पण टीव्हीवर सारखं तेच दाखवायचे आणि लोकांनी चिकन खायचं बंद केलं. शेडमधला माल वाढत गेला, कुणी उचलेना. कोंबड्या इतक्या मोठ्या झाल्या की त्यांना धड चालता येईना. शेडमालक येऊन बघून गेला, नंतर पुन्हा आला, आणि माल मिळेल त्या भावाला काढून शेड बंद करायची ठरलं.

भाभीनं मला सांगितलं तेव्हा ती नेहमीसारखी भराभर बोलली नाही. "आईतवारी टेम्पो येतोय," एवढंच म्हणाली.

रविवारी मी भाकऱ्या बांधून दिल्या, सोबत ठेचा. त्यांचं सामान थोडंच होतं. भाभी टेम्पोत पुढं बसली, परत उतरली, माझे दोन्ही हात धरले.

"जुन्नरला या, वैनी. पेठेत गाद्यांचं दुकान इचारा, कुणीबी सांगंल."

"येते की," मी म्हटलं.

मालक म्हणाले, "भाऊ, जपून जावा."

त्यानंतरचं वर्ष मला पहिल्या आठ वर्षांपेक्षा जड गेलं. आधी एकटेपणाची सवय झाली होती. आता ती मोडली होती. दुपारी माझे कान शेडच्या बाजूला असायचे. जाळी गंजली, एक पत्रा वाऱ्यानं उचकटला आणि आपटत राहिला. अर्धी शिवलेली एक गोधडी मी घडी करून ट्रंकेत ठेवून दिली. पुढं ती कधी पुरी केली नाही.

एक दिवस मी मालकांना म्हटलं, "मला जुन्नरला जायचंय."

त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही. "रविवारी जाऊ," म्हणाले.

नारायणगावला गाडी बदलून आम्ही दुपारच्या आत जुन्नरला पोचलो. दुकान लगेच सापडलं. भाभीचा नवरा गल्ल्याजवळ बसला होता, मालकांना बघून उठून उभाच राहिला. मला त्यांनी वर पाठवलं. वरच्या खोलीत सात-आठ बायका आणि पोरं होती, टीव्ही चालू होता, एका कोपऱ्यात कुणीतरी कापूस पिंजत होतं. भाभी मला बघून ओरडलीच. गळ्यात पडली. सगळ्यांना सांगितलं, "ह्या माझ्या माळावरच्या वैनी. मी सांगत नव्हते का."

चहा झाला, बिस्किटं झाली, खीर झाली. पण आम्ही बोलायला लागलो की कुणीतरी तिला हाक मारायचं. सासूला औषध, जावेला किल्ली, पोराला पैसे. ती उठायची, यायची, "हां, काय म्हणत व्हता तुमी?" म्हणायची. आणि मी काय म्हणत होते ते मला आठवायचं नाही. तिचा चेहरा भरला होता. अंगानं जरा सुटली होती. ती आता एकटी नव्हती, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

निघताना जिन्यात ती म्हणाली, "वैनी, इथं बोलायलाच फुरसत मिळत न्हाई बगा."

"असू दे," मी म्हटलं. "बरी हाईस, बरं वाटलं."

आणि खरंच बरं वाटलं होतं. बरंही आणि वाईटही.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घर तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. मालक पिशवी घेऊन पुढं, मी मागं. थोडं चालल्यावर ते मागं न बघता म्हणाले, "बोलणं झालं का पोटभर?"

"न्हाई."

पुन्हा थोडं चाललो.

"तुला हितं करमत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "मला काय कमी हाये?"

"कमी न्हाईच. मी ते इचारलं न्हाई."

आता ते थांबले होते. मी खाली बघून सांगितलं, "न्हाई करमत."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, "मलाबी न्हाई करमत."

मला आधी वाटलं, आजच्या दिवसाचं बोलतायत. मी विचारलं, "कवापासनं?"

"आल्यापासनं."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू गप असायचीस. पोरींचं करायचीस, हसायचीस. म्हटलं, हिला रुजलंय. आपण कशाला उकरून काढा."

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. तेरा वर्षं. तेरा वर्षं हा माणूस शेजारी बसून भाकरी खात होता, चांदण्या दाखवत होता, गुणगुणत होता, आणि मी त्याला सुखी समजून माझं तोंड बंद ठेवत होते. मी त्यांच्या पुढं होऊन तरातरा चालत घरी आले. तो दिवस आणि दुसरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पोरींनी विचारलं, "काय झालं?" मालक म्हणाले, "काय न्हाई, चालून दमलीय."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते रानातून जेवायला घरी आले. एरवी त्यांची भाकरी मी बांधावर पोचवायची आणि ते तिथंच खायचे. त्या दिवशी ते लिंबाखाली येऊन बसले आणि म्हणाले, "तूबी घे ताट." मी राग धरूनच ताट घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आपल्या आळीत देवळाकडनं तिसरं घर कुणाचं गं? मला कालपासनं आठवंना."

मी सांगितलं, ज्यांची म्हैस विहिरीत पडली होती त्यांचं. ते म्हणाले, नाही, ते चौथं, तिसरं तांबटाचं. मी म्हटलं, तांबट देवळाच्या मागं. असं करत करत आम्ही त्या दुपारी आमची आळी पुरी केली. तेरा वर्षांत मी जेवढी मोकळी झाले नव्हते तेवढी त्या भांडणात झाले.

तेव्हापासून मालक दुपारी घरीच जेवतात. एकटेपणा गेला असं मी म्हणणार नाही. माळ तेवढाच मोठा आहे आणि वारा तसाच कोरडा. मोठी लग्न होऊन ओतूरला गेली, धाकटी कॉलेजला जाते. कालव्याचं पाणी आल्यावर आजूबाजूला ऊस झाला, आणखी दोन-तीन घरं उठली. वस्तीवरचा म्हातारा वारला, त्याच्या सुना आता रस्त्यात भेटल्या की थांबून बोलतात. पण गाव माहीत असणारं माणूस या शिवारात मला एकच आहे, आणि त्याला मी.

नदीच्या उतारावरचा उंबर अलीकडच्या तीरावर होता की पलीकडच्या, यावर आमचं अजून जमत नाही. ते म्हणतात पलीकडं. मी म्हणते अलीकडं, कारण धुणं वाळत घालायला मी त्याच्याच फांदीला दोरी बांधायची. धाकटी एकदा वैतागून म्हणाली, "मग जाऊन बघून या की एकदा."

मालकांनी तिला समजावून सांगितलं की तिथं आता बारा महिने पाणी असतं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दोरी तू जांभळीला बांधायचीस."